मालिकांची शीर्षकगीतं करणारे अशोक पत्की मूळचे कुठल्या क्षेत्रातले?

जाहिरातींच्या जिंगल्सचे. जन्म १९४१चा. हजारो जिंगल्स केल्या त्यांनी, आणि काही सेकंदांत ऐकणाऱ्याला धरून ठेवायची ती हातोटीच पुढे मालिकांच्या कामी आली, असं माझं ठाम मत आहे. 'आभाळमाया' लागायची तेव्हा आम्ही बेळगावात, शहापूरला राहायचो. देवकी पंडितांचा आवाज आला की आई कणकेच्या हातांनीच बाहेरच्या खोलीत यायची. शेजारच्या कानडी अक्कांना शब्द कळत नसत, पण सकाळी अंगण झाडताना त्या तीच चाल गुणगुणायच्या! नंतर 'वादळवाट'. १९८८च्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'च्या संगीतातही त्यांचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अंतर्नाद' या कोकणी चित्रपटासाठी.