फुटबॉलमध्ये काम करायचंय? मग आधी बॅलन्सशीट वाचायला शिक

पत्र कोल्हापूरच्या एका मुलीचं आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. थोडक्यात असं: "सर, इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी सरकारने स्वतंत्र रेग्युलेटर, म्हणजे क्लबवर लक्ष ठेवणारी संस्था आणलीय, क्लबच्या कारभारात फॅन्सचं म्हणणं ऐकावं लागणार. मला असल्या कामात जायचंय. पप्पा म्हणतात मॅच बघून पोट भरत नाही. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा एक वर्षाचा डिप्लोमा चार लाखाला आहे, घेऊ का?"

अगं, आधी डिप्लोम्याचं बोलतो कारण चार लाख पप्पांच्या खिशातून जाणारेत. आत्ता घेऊ नकोस. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने असाच कोर्स केला होता, इंटर्नशिप म्हणून त्याला मॅचच्या दिवशी गेटवर पास तपासायला उभं केलं आणि नंतर कुणी त्याचा फोनही उचलला नाही. तुला जे काम आवडलंय ते बहुतेक अशा कोर्सात शिकवतच नाहीत.

ते काम काय आहे हे कळायला इंग्लंडच्या 'बरी' (Bury) या क्लबचं बघ. मँचेस्टरजवळचं गाव, १८८५ सालचा क्लब. डिसेंबर २०१८ मध्ये तो चक्क एका पाऊंडाला विकला गेला, कारण डोक्यावर कर्ज होतं आणि ग्राउंड गहाण पडलेलं. पुढच्या उन्हाळ्यात टीम वरच्या डिव्हिजनला गेली, म्हणजे पोरं मैदानावर जिंकत होती आणि त्यांचेच पगार थकलेले. ऑगस्टमध्ये नवा मालक येणार अशी आशा होती म्हणून शेकडो लोक झाडू घेऊन गिग लेन स्टेडियम साफ करायला आले, स्टँड झाडून मॅचसाठी तयार केले, आणि त्याच रात्री लीगने क्लबला बाहेर काढलं. मला हे आजही वाचवत नाही. एका पाऊंडाला क्लब घेणाऱ्या मालकाकडे तो चालवायला पैसा आहे याचा पुरावा हातात यायच्या आधीच क्लब त्याच्या ताब्यात गेला होता, म्हणजे जे कागद आधी बघायचे ते कुणी बघितलेच नाहीत. ते बघणारा माणूस म्हणजे तुला जे व्हायचंय ते!

मग एप्रिल २०२१ ला सहा मोठे इंग्लिश क्लब युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगमध्ये चालले होते, फॅन्स रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसात ते बारगळलं. त्याच वर्षी खासदार ट्रेसी क्राउच यांचा फुटबॉलच्या कारभारावरचा अहवाल आला, त्यात रेग्युलेटरची शिफारस होती, आणि जुलै २०२५ मध्ये त्याचा कायदा झाला. हा रेग्युलेटर रेफ्री, व्हीएआर (व्हिडिओवरून निर्णय तपासणं) असलं काही बघत नाही. पुरुषांच्या वरच्या पाच डिव्हिजनमधल्या ११६ क्लबांना लायसन्स देणार, मालकाचा पैसा कुठून येतो ते तपासणार, रेग्युलेटरच्या परवानगीशिवाय क्लबला ग्राउंड विकता येणार नाही. तिकिटांचे दर, क्लबची पुढची दिशा यावर फॅन्सशी बोलावं लागेल, लोगो आणि घरच्या मॅचच्या जर्सीचा रंग बदलायला तर बहुतांश फॅन्सचा पाठिंबा लागतो. कार्डिफ सिटी क्लबच्या मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल करून टाकली होती, ती परत निळी व्हायला २०१५ उजाडलं. पण एक लक्षात ठेव, म्हणणं ऐकावं लागणं वेगळं आणि मालकी वेगळी. जर्मनीत ५०+१ नियम आहे, तिथे काही अपवाद सोडले तर मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहतं, इंग्लंडच्या कायद्यात तसं नाही.

म्हणून सांगतो, बी.कॉम. मध्येच सोडू नकोस. पंचावन्न टक्के मिळाले तर सीए इंटरला थेट प्रवेश आहे, किंवा सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी. स्पोर्ट्समधलं मास्टर्स त्याच्यानंतर, फिफा मास्टर वगैरे, हातात आधी एक पक्कं कौशल्य असलं तर त्याला अर्थ आहे. इंग्लंडच्या रेग्युलेटरमध्येच नोकरी असं धरून बसू नकोस, ऑफिस छोटं असतं आणि व्हिसा आपल्या हातात नसतो. आपल्याकडे काम थोडं आहे का? आयएसएलचे, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगचे हक्क कुणाकडे यावरून २०२५ चा सीझन अडकला, काही क्लबांनी पगार थांबवले, त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला पण तो खेळांच्या राष्ट्रीय फेडरेशन्ससाठी आहे, क्लबच्या फॅनला त्यात जागा नाही. हे पुढे बदलावं लागेल आणि त्यासाठी हिशोब आणि कायदा दोन्ही कळणारी माणसं लागतील.

आणि तू तर कोल्हापूरची! पीटीएम (पाटाकडील तालीम), खंडोबा, दिलबहार, हे तालमींचे फुटबॉल क्लब कुठल्या शेठचे नाहीत, पेठेचे आहेत, शाहू स्टेडियमवर तालमीचा झेंडा घेऊन बसणारा माणूस वर्गणीही देतो. इंग्लंडमध्ये कायदा करून जे थोडंफार आणायला लागलं ते तुझ्या गल्लीत आधीपासून आहे.

तर या सीझनला तुमच्या तालमीच्या सेक्रेटरींना भेट, सांग की मी बी.कॉम.ला आहे, हिशोब लिहायला मदत करते. वर्गणी किती, स्पॉन्सर कोण, बाहेरून आणलेल्या खेळाडूंचं मानधन किती, कमी पडलं तर कोण भरतं, सगळं एका वहीत मांड. पप्पांनाही दाखव, ते नक्की चुका काढतील, काढू देत. सीझन संपला की ती वही घेऊन मला परत लिही, सीए की एलएलबी ते आपण तेव्हा ठरवू.