व्यायल्यानंतर गाय उठत नाही, डॉक्टर म्हणतात ‘नस दबली’. म्हणजे नेमकं काय झालं आणि ती बरी होते का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पहिलारू कालवड, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) या मोठ्या विदेशी जातीचं सीमेन भरलेलं, वासरू मोठं म्हणून अडलं, चौघांनी ओढून काढलं. वासरू जगलं. कालवड मात्र दोन दिवस बसून आहे. चारा खाते, रवंथ करते, उठायला जोरही लावते, पण मागचे पाय बाजूला फाकतात. कॅल्शियमची बाटली लावूनही फरक नाही. कणा ठीक आहे तर नस दबली कुठे, हा तुमचा प्रश्न.

मी मोठ्या जनावरांचा डॉक्टर आहे. जनावर न बघता निदान करत नाही, पण वर्णन नसेचंच वाटतं. व्यायल्यावर कॅल्शियम घटून गाय बसते त्या आजाराला मिल्क फिव्हर म्हणतात; त्यात नस शाबूत असते. रक्तातलं कॅल्शियम घटल्यामुळे नसेच्या टोकाकडून स्नायूला निरोप पोचत नाही, एवढंच. म्हणून त्यात बाटली लागली की गाय बहुधा काही तासांत उभी राहते. शिवाय पहिलारूला मिल्क फिव्हर क्वचितच होतो.

आता नस कुठे दबते ते. मेंदू आणि कण्याच्या पोकळीतला मज्जारज्जू ही मध्यवर्ती मज्जासंस्था. तिथून निघून कातडीपर्यंत, खुरापर्यंत, आतड्यापर्यंत जाणारं बाकी सगळं जाळं परिघीय. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात आणि मज्जारज्जूतून मणक्यामणक्याच्या फटीतून एकेक जोडी. मज्जारज्जूतून निघणाऱ्या प्रत्येक नसेला दोन मुळं असतात. पाठीकडचं मूळ संवेदना आत आणतं, पोटाकडचं हुकूम बाहेर नेतं. बाहेर पडताच दोन्ही एकाच दोरीत मिसळतात, म्हणून पुढे कुठेही दाब बसला तर ताकद आणि जाणीव दोन्हींवर परिणाम होतो.

गाईला कमरेचे मणके ६. त्यातल्या शेवटच्या तिघांपाशी आणि त्यामागच्या त्रिकास्थीच्या (कमरेमागच्या, एकमेकांना जुळलेल्या मणक्यांच्या हाडाच्या) पहिल्या दोघांपाशी निघणाऱ्या नसांची गुंफण होते आणि तिच्यातून मागच्या पायाच्या मोठ्या नसा तयार होतात. इथे दोन महत्त्वाच्या. पहिली ऑब्ट्युरेटर. ही पेल्व्हिसच्या, म्हणजे वासरू ज्यातून बाहेर येतं त्या हाडांच्या कड्याच्या, आतल्या भिंतीला चिकटून खाली येते, तळाच्या हाडातल्या भोकातून बाहेर पडते आणि मांडीच्या आतल्या, म्हणजे पाय जवळ ओढणाऱ्या स्नायूंना जाते. दुसरी सायटिक, शरीरातली सर्वांत जाड नस. तिचं एक मोठं मूळ त्रिकास्थीच्या पुढच्या कडेखालून, हाडाला घासूनच जातं. वासराचं डोकं किंवा पुठ्ठा पेल्व्हिसच्या तोंडाशी अडकला की या दोन्ही नसा एका बाजूला हाड आणि दुसऱ्या बाजूला वासरू अशा चेपल्या जातात. ओढणं जितकं लांबतं, तितका दाब जास्त वेळ राहतो. कण्याचा यात काहीच संबंध नाही.

बहुतेक ठिकाणी दोष एकट्या ऑब्ट्युरेटरला दिला जातो, पाय फाकले म्हणून. मला ते अर्धवट वाटतं. १९७०च्या दशकात गाईंमध्ये ही नस मुद्दाम कापून पाहिली गेली. घसरत नसलेल्या जमिनीवर त्या गाई उभ्या राहू शकल्या, घसरड्या फरशीवर मात्र पाय फाकले. म्हणजे जी उठतच नाही, तिच्या सायटिकच्या मुळालाही मार असण्याची शक्यता बरीच.

तुमच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन हे तपासा. खुरांच्या बेचक्यात चिमटा लावून दाबला की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. पाय आखडून घेणं हे काम नस आणि मज्जारज्जू मिळून उरकतात, त्याला मेंदू लागत नाही. पण गाय मान वळवून बघते, हंबरते, तेव्हा वेदना वर मेंदूपर्यंत पोचली असते. दुसरं लक्षण मला जास्त धीर देतं. शेपूटही हलवून बघा. ती लुळी असेल आणि लघवी तुंबत असेल तर मार आणखी मागच्या नसांना आहे. पाय टेकताना खुरावरचा सांधा पुढे दुमडत असेल तर सायटिकची पेरोनियल शाखा गेली. ती मांडीखालच्या सांध्याच्या बाहेरच्या अंगाला, जवळजवळ कातडीखालीच असते, आणि सिमेंटवर त्या कुशीवर पडून राहिल्यानेच बरेचदा दबते.

रवंथ चालू आहे त्याचं कारणही नसांतच आहे. पोटाचं कामकाज व्हेगस नावाची नस बघते. ती मेंदूतून निघून मान आणि छातीतून येते, या भानगडीपासून लांब.

बरी होईल का, हे इजेच्या खोलीवर. नसेतल्या जाड तंतूंवर मायलिन नावाच्या पदार्थाचं आवरण असतं. नुसत्या दाबाने आवरणच दुखावलं असेल तर काही दिवस ते काही आठवड्यांत काम परत सुरू होतं. आतला तंतू तुटला असेल तर तो साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढतो. कमरेपासून खुरापर्यंत मीटरभराहून जास्त अंतर, हिशेब तुम्हीच करा.

खरी शर्यत मात्र वेगळी आहे. पाचेकशे किलोचं जनावर कडक जमिनीवर एकाच कुशीवर तासन्‌तास राहिलं की खालच्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरू लागतात, आणखी नसा दबतात. अशा वेळी पहिली इजा भरत आली तरी गाय उठत नाही. म्हणून आजच तिला फरशीवरून हलवून वाळू किंवा जाड पाचटावर घ्या आणि दर ३-४ तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. मागचे दोन्ही पाय खुरावरच्या सांध्याच्या वर मऊ कापड गुंडाळून, मध्ये दोन-तीन फूट अंतर ठेवून बांधा, म्हणजे फाकून मांडीचे स्नायू फाटणार नाहीत. पुठ्ठ्याला शिकंजा लावून उचलत असाल तर थोडाच वेळ, आणि पाय टेकत नसेल तर लगेच खाली. टांगून ठेवू नका.

बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं लोक भरभरून देतात. त्याने चेपलेली नस लवकर भरते असं मला दिसलेलं नाही. सूज आणि दुखण्यासाठी मेलोक्सिकॅम चांगलं. डायक्लोफेनॅक कुणी आणलंच तर नाही म्हणा. ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

गाय खाते, छातीवर सरळ बसते आणि उठायला धडपडते तोवर मी सोडत नाही. खाणं सुटलं, आडवी पडून राहू लागली, चिमट्याला काहीच प्रतिसाद नाही, तर आशा फार धरू नका.

आणि वासराकडेही बघा. ओढताना त्याचा पुठ्ठा अडकला असेल तर त्याची फिमोरल नस ताणली जाते. मग मागच्या पायावर भार देताना मांडीखालचा सांधा मोडून पडतो आणि काही दिवसांत मांडीचा पुढचा भाग वाळलेला दिसतो. तसं वाटलं तर त्याला चीक बाटलीने पाजा, कारण ते उभं राहून आचळापर्यंत पोचणार नाही.