गणितात कच्ची आहे, तरी सिव्हिल डिप्लोमाला पाठवू का?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. सहामाहीला बीजगणितात ४० पैकी १४, भूमितीत १२. तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय. तिचे वडील गवंडीकाम करतात. महागडा क्लास लावावा, की तिला हा नाद सोडायला सांगावं? (एक आई, संगमनेर)

उत्तर : ताई, नाद सोडायला सांगू नका. आणि क्लासचे पैसे महिनाभर तरी हातात ठेवा.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही उत्तरपत्रिका मी ओळ न् ओळ वाचल्या. वयाचं एक उदाहरण बघा. चार वर्षांपूर्वीच्या वयाची तिप्पट म्हणजे दहा वर्षांनंतरचं वय, तर आजचं वय किती? तिनं समीकरण अचूक मांडलं : ३(क्ष − ४) = क्ष + १०. पुष्कळ मुलं इथंच अडतात, ती अडली नाही. पण पुढच्या ओळीत ३क्ष − ४ = क्ष + १० लिहिलं. तीननं क्षला गुणलं, चार तसाच राहिला. उत्तर आलं ७. हीच चूक आणखी तीन उदाहरणांत आहे आणि ती दहावीची नाही, सातवी-आठवीत राहून गेलेली आहे. खरी पायरी ३क्ष − १२ = क्ष + १०. मग २क्ष = २२, क्ष = ११.

तिनं ताळा केला असता तर चूक तिची तिलाच सापडली असती. वय ७ धरलं तर चार वर्षांपूर्वी ३, तिप्पट ९. दहा वर्षांनी मात्र १७. जुळत नाही. ११ धरा, दोन्हीकडे २१ येतात. रोज कंसाची पाचच समीकरणं द्या. एका ओळीत एकच क्रिया, शेवटी ताळा. तोंडी हिशेब करून ती पायऱ्या गाळते, ते थांबवा. उत्तर चुकलं तरी बोर्डात बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात.

भूमितीसाठी तिला एका रविवारी वडिलांबरोबर साइटवर जाऊ द्या. लाइनआउट देताना, म्हणजे जमिनीवर पायाची आखणी करताना, ते एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट मोजतात आणि कर्ण ५ फूट भरला की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला म्हणतात. ९ + १६ = २५. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास तो हाच. घरी आल्यावर तिनं तो वहीत लिहावा : आकृती, पक्ष, साध्य, मग प्रत्येक विधानापुढे कारण. तिची विधानं बरोबर असतात, कारणांची जागा कोरी असते.

डिप्लोमा तीन वर्षांचा, पहिल्याच सत्रात गणित आहे, म्हणून ही डागडुजी आत्ताच हवी. दहावीला गुण कमी पडले तर आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल (बांधकामाचे नकाशे काढण्याचा) ट्रेड आहे. तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

महिन्यानं तीच सहामाहीची प्रश्नपत्रिका तिला घरी, दोन तास घड्याळ लावून सोडवायला द्या आणि मला पाठवा. क्लासचं तेव्हा ठरवू.