पहिली तलवार कुठली उपसायची?

अरे, तलवार-जादूटोण्याचे स्वस्तातले, नकळत हसू आणणारे जुने सिनेमे बघायचेत ना? मग श्वार्झनेगरच्या 'कोनान'पासून सुरुवात नको. त्यात पैसा दिसतो. आधी १९८०चा ब्रिटिश 'हॉक द स्लेयर' लाव. त्यातल्या एल्फ (परीकथेतल्या टोकदार कानांच्या जमातीतल्या) धनुर्धाऱ्याचा एकच शॉट इतक्या झपाट्याने पुन्हापुन्हा जोडलाय की धनुष्याची मशीनगन होते! जॅक पॅलन्सचा खलनायक तर वाक्य न् वाक्य दातओठ खात बोलतो.

मग इटालियन 'एटर'चा दुसरा भाग. तलवारबहाद्दर चक्क हँग ग्लायडरवरून किल्ल्यावर बॉम्ब टाकतो.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- एकट्याने बघणं. चार टाळकी हवीतच.
- एका रात्रीत तीन सिनेमे. दुसऱ्यालाच धुक्याच्या मशीनचा कंटाळा येतो.
- 'डेथस्टॉकर' घरच्यांसमोर लावणं. नागडेपणा आणि बायकांवरची जबरदस्ती आहे त्यात. मी रिमोट शोधत बसलो होतो.

मुद्दाम विनोदी केलेले सिनेमे नंतर सांगतो.