एच-४ वर आहेस म्हणून मूल जात नाही

अगं, एच-४ म्हणजे नवऱ्याच्या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर बायको-मुलांना मिळणारा व्हिसा. पण "तुझा व्हिसा माझ्या जिवावर, पोरगी माझ्याकडेच राहणार" हे नवऱ्याचं वाक्य आहे, कायद्याचं नाही. अमेरिकेत ताबा राज्याचं कोर्ट ठरवतं आणि ते मुलाचं हित बघतं. शाळेत कोण सोडतं, तापात रात्रभर कोण जागतं. माझ्या वेळी मी लसीकरणाचा कागद, बाईंच्या ईमेल, डेंटिस्टच्या पावत्या, सगळं एका जाडजूड फाईलमध्ये लावून नेलं होतं. वकील हसला, पण तीच कामी आली.

घाबरून पुण्याचं तिकीट मात्र काढू नकोस. परदेशी पळवून नेलेलं मूल परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, म्हणून "इकडे ये, मग कोण काय करतंय" असं मामा-काका फोनवर सांगतील. त्यांचं काय जातंय! दुसऱ्या पालकाचे हक्क डावलायला मूल देशाबाहेर नेणं हा अमेरिकेत १९९३ पासून केंद्रीय गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय मूल सलग सहा महिने जिथे राहिलं, सहसा त्याच राज्यात ताब्याचा खटला चालतो.

घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की तुझं एच-४ संपतं. त्यामुळे कौटुंबिक वकिलासोबत इमिग्रेशनचा वकीलही हवा, आणि तोही हुकमाच्या आधी. मारहाण, छळ असेल तर त्या वकिलाला स्पष्ट सांग; एच-४ वाल्यांना त्या कारणावरून स्वतंत्र वर्क परमिट मागण्याची तरतूद आहे.

आणि दोघींचे पासपोर्ट कुठल्या कपाटात आहेत, ते आजच बघून ठेव.