बंद जिनिंगचं कलाकेंद्र करायचंय? आधी छप्पर बघा

तुम्ही विचारलंय की गावातली बंद पडलेली जुनी जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून गाठी बांधायची फॅक्टरी) भाड्याने मिळतेय, तिथे नाटक, चित्रकला, पोरांचे वर्ग चालू करायचेत, तर आर्किटेक्ट आधी गाठावा की पैसे आधी गोळा करावेत. माझं म्हणणं दोन्ही नंतर. आधी भर पावसात आत जाऊन तासभर उभे राहा.

आम्ही एका जुन्या ऑइल मिलचं काम केलं तेव्हा सगळी पाहणी हिवाळ्यात झाली, भिंती कोरड्या ठणठणीत, कॉन्ट्रॅक्टरने सिमेंटचा गिलावा करून रंग मारून दिला आणि आम्ही खूश. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे हातात यायला लागले, मागची वीट नखाने खरवडली तरी पिठासारखी गळायची. पाणी दोन छपरांमधल्या फुटक्या पन्हळीतून उतरत होतं. चुन्यात बांधलेल्या भिंतीला ओल बाहेर टाकायला वाट लागते हो, सिमेंटने आपणच ती वाट बुजवली. त्यामुळे आधी पन्हळी आणि कौलं, मग गिलावा, तोही चुन्याचाच.

छपराला पेलणाऱ्या सागवानी कैच्या (तिकोनी सांगाडे) असतील तर त्यांचं टोक भिंतीत बसतं तिथे पेचकस खुपसून बघा, सहज आत गेला तर लाकूड सडलंय. आणि वर साठलेला कापसाचा भुरा झाडल्याशिवाय एकही लाइट लावू नका, जुनं वायरिंग सगळं काढून टाका. गावात जुना फिटर असेल तर त्याला नक्की सोबत न्या, जमिनीखाली यंत्रं फिरवणाऱ्या शाफ्टची (लांब लोखंडी दांड्याची) चर कुठून जाते आणि कुठे नुसत्या फळ्या टाकून झाकलीय हे तोच सांगेल, पोरं तिथे खेळणारेत.

आर्किटेक्टबद्दल म्हणाल तर ब्राझीलमधलं साओ पाउलोचं सेस्क पॉम्पेया हे कला आणि खेळाचं केंद्र बघा. पिंपं बनवायची जुनी फॅक्टरी, ती पाडून नवीन सेंटर बांधायचा विचार होता. लीना बो बार्डी ही आर्किटेक्ट शनिवारी तिथे गेली तर पोरं गळक्या छपराखाली पाण्यात फुटबॉल खेळतायत, आया खायला करतायत, म्हातारी माणसं बसलीयत. तिने ठरवलं हे असंच चालू राहायला पाहिजे. शेड ठेवल्या, गिलावा काढून विटा उघड्या केल्या, ऑफिस साइटवरच थाटलं, आणि मोठ्या हॉलच्या फरशीतून पाण्याचा एक वळणदार प्रवाह काढला. १९८२ मध्ये जुन्या शेड उघडल्या, खेळाचे नवीन टॉवर १९८६ मध्ये. म्हणून सांगतो, तुमच्या जिनिंगच्या आवारात आज कोण बसतं, कोण क्रिकेट खेळतं, ते आधी लिहून काढा आणि तो कागद आर्किटेक्टच्या हातात द्या.

पैशाचं म्हणाल तर हेलसिंकीची केबल फॅक्टरी, पूर्वीची नोकियाची. १९९१ पासून शहराच्या मालकीची कंपनी ती चालवते, कलाकारांना आणि नाचाच्या ग्रुपना खोल्या भाड्याने देऊन. उद्घाटनाच्या देणगीवर लाइटबिल किती दिवस भरणार? दोन-चार खोल्या पहिल्या दिवसापासून भाड्याच्याच ठेवा, शिवणकाम, तबल्याचा क्लास, काहीही.

आणि अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर छपराला एक रुपयाही घालू नका. लांब मुदतीचा रजिस्टर्ड करार करा, फायर एनओसीचं काय लागेल ते त्याच्या आधीच विचारून घ्या.

कैच्यांच्या टोकांचे फोटो इथे टाका, बघून सांगतो.