सोललेला लसूण तेलात नको

अगं, रविवारी बसून अर्धा किलो लसूण सोललास, छान केलंस. फक्त तो तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नकोस. लोणचं टिकतं तसा हाही टिकेल, असं मलाही वाटायचं. पण लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, नुसत्या तेलात दोन्ही नाही. लसूण मातीतला, त्याच्यासोबत बोट्युलिझमचे, म्हणजे एका जीवघेण्या विषबाधेचे, जंतू येऊ शकतात. तेलाखाली हवा नसते, तिथे ते वाढतात आणि विष करतात. वास, रंग काहीच बदलत नाही, मेख तिथेच आहे. १९८५ साली कॅनडात, व्हँकुव्हरला, तेलातल्या अशा लसणाने ३६ जण आजारी पडले होते.

साल निघावी म्हणून भिजवला असशील तर पाकळ्या आधी सुती कापडावर पसरून कोरड्या कर. घट्ट झाकणाचा डबा, तळाशी पेपर नॅपकिन, आणि थेट फ्रिजमध्ये. नॅपकिन ओलसर लागला की बदलायचा. आठवड्याभरात संपव. झाकण सैल राहिलं तर मात्र सकाळच्या चहाला लसणाचा वास! पाकळी चिकट, बुळबुळीत झाली किंवा बुरशी दिसली तर सरळ फेकून दे.

जास्तीचा लसूण फ्रीझरला. मी वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, मग वड्या पिशवीत भरते. दोन-तीन महिने आरामात जातात. फोडणीत गोठलेली वडी टाकताना जरा लांब उभी राहा, तडतडते फार.

तेलातलाच हवा असेल तर वाटीभर कर, लगेच फ्रिजमध्ये ठेव, चार दिवसांत संपव.